इंग्रजी लबाडीचे वाक्प्रचार नातीला कसे शिकवावेत?

मास्तर_सोलापूर

नमस्कार मंडळी.

नात बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. परवा रात्री तिनं इंग्रजी वाक्प्रचारांची एक यादी माझ्यापुढे धरली. मथळा होता अप्रामाणिकपणा आणि वाईट स्वभाव. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. उजवीकडे सात ठिकाणी एकच अर्थ छापलेला: अप्रामाणिक माणूस. ती म्हणाली, "अप्पा, सातही सारखेच असतील तर सात कशाला केले त्यांनी?"

एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि मुलांकडून अशाच याद्या पाठ करून घेतल्या. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. फार लागलं ते मनाला.

सकाळी चहा घेताना यादी पुन्हा वाचली आणि इतक्या वर्षांत न दिसलेली गोष्ट दिसली. यातले निम्मे कापडाचे आहेत! पुल द वूल ओव्हर समवन्स आइज (डोळ्यांवर लोकर ओढणं, म्हणजे आपलं डोळ्यांत धूळ फेकणं). वुल्फ इन शीप्स क्लोदिंग. ब्लॅक शीप. टर्नकोट. मेड आउट ऑफ होल क्लॉथ. टिश्यू ऑफ लाइज. शॉडी. लोकर, अंगरखा, तागा, वीण. माझे वडील मागावर होते, साखर पेठेत आमच्या खालच्या खोलीत चार माग चालायचे, आणि मला हे कधी दिसू नये?

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. इंग्लंडची मध्ययुगातली श्रीमंती लोकरीची. हाउस ऑफ लॉर्ड्सचे अध्यक्ष आजही ज्या आसनावर बसतात त्याला वूलसॅक म्हणतात, म्हणजे लोकरीचं पोतं, आणि ही प्रथा चौदाव्या शतकापासूनची. लोकरीचा खप टिकावा म्हणून १६६६ साली तिथे कायदा झाला की मृताला लोकरीच्याच कापडात पुरायचं. ज्या समाजात सगळ्यांचा हात रोज कापडाला लागतो, तिथे चांगला माल आणि फसवा माल यातला फरक लहान पोरालाही कळतो. मग माणसाची पारखही त्याच शब्दांत होते.

आता एकेक घेतो. होल क्लॉथ म्हणजे मागावरून उतरलेलं पूर्ण पन्ह्याचं कापड. हा शब्द जुना, साधा, बाजारातला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यावरून वाक्प्रचार झाला: अख्ख्या ताग्यातून बेतलेली गोष्ट, म्हणजे जिच्यात खऱ्याचं ठिगळसुद्धा नाही अशी. टिश्यू म्हणजे मुळात विणलेलं तलम कापड, फ्रेंचमधून आलेला शब्द. टिश्यू ऑफ लाइज म्हणजे खोट्यात खोटं गुंफून केलेली वीण. एक धागा ओढला की सगळंच उसवतं, असं त्यात आपोआप येतं. फॅब्रिक आणि फॅब्रिकेट हे दोन शब्द तर सख्खी भावंडं.

टर्नकोट म्हणजे अंगरखा उलटा घालणारा. पूर्वी सरदारांच्या माणसांच्या अंगरख्यावर धन्याची खूण असायची. वारं फिरलं की अंगरखा उलटा केला, खूण आत गेली. मराठीत आपण यालाच टोपी फिरवणं म्हणतो. बघा, त्यांचा अंगरखा आणि आपली टोपी!

आणि माझा सगळ्यात आवडता शॉडी. यॉर्कशायरमध्ये बॅटली नावाचं गाव आहे. तिथे १८१३ साली बेंजामिन लॉ या माणसानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. त्या मालाचं नाव शॉडी. त्यात शिवी नव्हती. गरिबाला परवडेल असं उबदार कापड होतं ते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. ठेकेदारांनी चांगल्या लोकरीचे पैसे घेऊन सैनिकांना शॉडीचे गणवेश दिले. पावसात ते शिपायांच्या अंगावरच फाटले. तेव्हापासून शॉडी म्हणजे हलकं, दिखाऊ, फसवं. पाप ठेकेदाराचं, आणि बदनाम झालं कापड. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडचे आठवायला बसलो तर पहिला आला पांघरूण घालणे. चादरीच्या गावात हा शिकवायला किती सोपा! मग शालजोडीतले, गंडा घालणे (गंडा म्हणजे मंत्र टाकून मनगटाला बांधतात तो दोरा), बुरखा फाडणे. गोष्ट सांगताना पदरची भर घालणे, ज्याला इंग्रजीत एम्ब्रॉयडर करणं म्हणतात, म्हणजे भरतकाम.

सोलापूरकरांनी, विशेषतः माग ज्यांच्या घरात आहे त्यांनी, यात भर घालावी. रविवारी नात आणि तिच्या चार मैत्रिणी माझ्याकडे बसणार आहेत. यादी घेऊन बसायचं नाही असं ठरवलं आहे.

भीमाकाठची

मास्तर, हे आम्हाला शाळेत कुणी का नाही सांगितलं? मी ब्लॅक शीप आणि ब्लॅक मार्केट या दोन्हींचा अर्थ 'काळा म्हणजे वाईट' एवढाच लिहून मार्क मिळवले.

जाळं विणण्याबद्दलही एक आहे ना? पहिल्यांदा फसवायला गेलो की किती गुंत्याचं जाळं विणतो आपण, अशा अर्थाचं. शेक्सपिअरचं आहे बहुतेक.

मास्तर_सोलापूर

ताई, ते शेक्सपिअरचं नव्हे. वॉल्टर स्कॉटच्या १८०८ सालच्या दीर्घकाव्यातल्या ओळी आहेत त्या. बऱ्याच पुस्तकांतही शेक्सपिअरच्या नावावर छापलेल्या सापडतात. आणि तिथला वेब म्हणजे मुळात विणलेलं कापडच. विव्ह या क्रियापदाचं ते नाम. कोळ्याचं जाळं हा अर्थ त्यावरूनच आला.

धोटेवाला

मास्तर, नमस्कार. आमचे सहा माग आहेत, टॉवेलचे. आधी चादरीचे होते.

शॉडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, आणि शॉडी अजून जिवंत आहे. पानिपतला. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे फाडून, पिंजून परत सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं करतात. भूकंप, पूर आला की वाटपात जी करडी ब्लँकेटं दिसतात ना, त्यातली कितीतरी त्याच सुताची. तो माल 'शॉडी' म्हणूनच विकला जातो, त्यात फसवाफसवी काही नाही. शब्द बदनाम झाला असेल, माल आपल्या जागी चांगलाच आहे. हे पोरींना नक्की सांगा.

फसवणूक कशात आहे ते मी सांगतो. सोलापुरी चादर म्हणजे सुती, जकार्डवर (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रावर) विणलेली, वजनाला भारी, नक्षी दोन्ही बाजूंना दिसणारी. तिला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेर कुठेही विणलेला हलका माल सोलापुरी म्हणून विकतात. गेल्या साली एका तीर्थाच्या गावी माझ्या सख्ख्या बहिणीनं रस्त्यावरच्या दुकानातून 'सोलापुरी' म्हणून चादर घेतली. दोन धुण्यांत तिचा रंग गेला आणि वीण सरकली. तिनं मला फोन करून सांगितलं, "दादा, तुमच्या गावच्या चादरीत आता दम राहिला नाही रे." काय बोलणार? ज्यानं विकली तो मोकळा, आणि कमीपणा आला आम्हाला. तुमच्या त्या बॅटलीच्या कापडासारखंच झालं की ओ हे.

वकीलताई

धोटेवाले दादा, तुम्ही सांगितलंत त्याला कायद्यात नावच आहे: पासिंग ऑफ. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. इंग्रजी बोलण्यातल्या पास ऑफ या साध्या वाक्प्रचारावरूनच कायद्यानं हे नाव उचललं. मराठीत आपण 'नावावर खपवणं' म्हणतो ते अगदी नेमकं आहे.

कायद्यातून बोलीत आलेलाही एक शब्द आहे, तो इथे यायलाच हवा. चारशेवीस. भारतीय दंड संहिता १८६० सालची, तिचं ४२०वं कलम फसवणुकीचं. कलम लिहिलं इंग्रजांनी, पण माणसाला चारशेवीस म्हणायला शिकलो आपण. लंडनमधल्या माणसाला फोर ट्वेंटी म्हणालात तर त्याला काही कळणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात फसवणूक ३१८व्या कलमात आहे. नव्या संहितेत एकूण कलमंच ३५८, त्यामुळे ४२० हा आकडाच उरलेला नाही. माझ्या पक्षकारांच्या तोंडात मात्र तोच आहे, आणि पुढची पन्नास वर्षं राहील असं मला वाटतं.

हुरडा

कापडाबाहेरचे दोन-तीन टाकतो.

क्रोकोडाइल टिअर्स: मगर शिकार खाताना रडते हा युरोपातला फार जुना समज. मगरीच्या डोळ्यांत खाताना पाणी येतं हे खरं आहे, दुःख तेवढं नसतं. नक्राश्रू.

स्नेक ऑइल: अमेरिकेत क्लार्क स्टॅनली नावाचा माणूस सापाचं तेल म्हणून औषध विकायचा. सरकारनं बाटली तपासली तर निघालं खनिज तेल, थोडी चरबी, मिरची. सापाचं काही नाही. १९१६ साली त्याला २० डॉलर दंड झाला. गड्ड्याच्या जत्रेत सांड्याचं तेल विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे हा पोरींना एका मिनिटात कळेल.

कॉन मॅन: १८४९, न्यूयॉर्क. विल्यम थॉम्प्सन नावाचा छान कपड्यातला माणूस रस्त्यात अनोळखी गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा, "उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुमचा?" लोक देऊन टाकायचे! वर्तमानपत्रांनी त्याला कॉन्फिडन्स मॅन म्हटलं, त्याचं झालं कॉन मॅन. मराठीत सरळ भामटा.

कंडी पिकवणे हाही मागावरचाच ना? कांडी भरतात त्यावरून?

धोटेवाला

नाही हो. कांडी वेगळी, कंडी वेगळी. कांडी धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो त्यात, बसते, तिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. कंडी म्हणजे खोटी बातमी. कांडी भरणारी बाई दिवसभर खरं काम करते, तिला अफवेत ओढू नका.

मेंढका_सांगोला

ब्लॅक शीपवर मला बोलायचं आहे.

इंग्लंडात काळ्या मेंढीची लोकर रंगवता येत नाही, म्हणून तिला भाव कमी. पांढऱ्या कळपात एखादं काळं कोकरू निघालं की धन्याचं नुकसान. म्हणून घराण्यात वाया गेलेला तो ब्लॅक शीप. त्यांच्या हिशोबानं ठीक आहे.

आमची दख्खनी मेंढी बहुतेक काळीच. तिच्या लोकरीची घोंगडी काळी, आणि तिला रंगवायची गरजच नाही. पाऊस अंगावर घेते, रात्री अंथरायला होते, देवाच्या कार्याला तीच लागते. लग्नात, जागरणात घोंगडी अंथरल्याशिवाय आमच्यात बैठक बसत नाही. माझ्या आज्यानं चाळीस वर्षं एकच घोंगडी वापरली. काळं मेंढरू म्हणजे कुळाला बट्टा, हे मी पोरांना कोणत्या तोंडानं शिकवू?

माझं म्हणणं, शब्दशः मराठी करूच नका. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ आहे. लाकडाचाच दांडा, आणि लाकडालाच तोडतो. घरभेद्यासाठी यापेक्षा चांगलं काय पाहिजे?

मास्तर_सोलापूर

मेंढकेदादा, तुमचं पहिलं म्हणणं पूर्ण मान्य. दुसऱ्यात एक फरक करतो. कुऱ्हाडीचा दांडा आपल्याच माणसांचा घात करतो. ब्लॅक शीप घात करतोच असं नाही. तो नुसता घराच्या चालीत बसत नाही, घरच्यांना त्याची लाज वाटते. तो प्रामाणिकसुद्धा असू शकतो! म्हणजे यादीत त्याच्यापुढे 'अप्रामाणिक माणूस' छापलं आहे तेच चूक. नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. टर्नकोट बाजू बदलतो. मेंढीच्या वेषातला लांडगा क्रौर्य लपवतो. ब्लॅक शीप काहीच लपवत नाही.

लांडग्याचं मूळ बायबलमध्ये आहे, मत्तयच्या सातव्या अध्यायात: खोटे संदेष्टे मेंढरांच्या वेषात येतात. आपल्या पंचतंत्रात याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. धोबी आपल्या गाढवावर वाघाचं कातडं टाकून त्याला रात्री लोकांच्या शेतात सोडतो. तिथे दुबळा बलवानाचं कातडं पांघरतो, इथे क्रूर गरिबाचं. दोन्ही सोंगंच, पण पहिल्यात भूक आहे आणि दुसऱ्यात शिकार. मुलींना दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून सांगणार आहे.

सेटलमेंटचा_नातू

मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

वर कॉन मॅनला 'सरळ भामटा' म्हटलंय. लिहिणाऱ्यानं वाईट हेतूनं लिहिलं नाही हे मला कळतं. पण भामटा हे एका जातीचं नाव आहे. शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आजही आहे. उचल्या हा शब्दही तसाच, माणसांच्या समूहाचं नाव आणि पाकीटमाराचंही.

माझे आजोबा आपल्याच सोलापुरात, सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायच्या वस्तीत, तारेच्या आत वाढले. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसानं काही करायची गरज नव्हती, त्या जातीत जन्माला आला एवढं पुरे. आजोबा मिलमध्ये कामाला जायचे. तुमच्या वडिलांसारखेच, मास्तर, सुताचंच काम. संध्याकाळी परत तारेच्या आत, आणि हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा उठला. तार गेली. वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे आणि शब्दही राहिला.

शाळेत मराठीच्या तासाला 'भामटा म्हणजे लबाड' असं फळ्यावर लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं आहे. घरी वही दाखवली नव्हती.

इंग्रजीतही हे आहे. फसवणे या अर्थी जिप म्हणतात, ते जिप्सी लोकांवरून आलं. आता तिकडे समजदार माणसं तो शब्द टाळतात. तुम्ही शॉडीसाठी लिहिलंत की पाप ठेकेदाराचं आणि बदनाम झालं कापड. ते वाचलं म्हणून लिहायचं धाडस झालं.

हुरडा

दादा, माफ करा. खरंच माहीत नव्हतं. संपादनाची वेळ गेली आहे, म्हणून संपादकांना विनंती केली आहे की तो शब्द काढावा.

मास्तर_सोलापूर

दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. फळ्यावर तो शब्द लिहिणारा मीही असू शकतो. एकतीस वर्षांत मी तो किती वेळा लिहिला असेल, मोजता येणार नाही. समोर कोण बसलं आहे याचा विचार एकदाही केला नाही. हात जोडून क्षमा मागतो.

वाक्प्रचार कुठून आला हे सांगायला मी निघालो होतो. पण तो कुणाच्या अंगावर जाऊन पडतो, हे सांगायचं राहूनच जात होतं. रविवारी पहिला विषय तुमचाच. तुमची हरकत नसेल तर तार, हजेरी आणि १९५२ हे सगळं मुलींना सांगेन, तुमचं नाव न घेता.

सेटलमेंटचा_नातू

सांगा सर. नाव घेतलं तरी चालेल.

भीमाकाठची

कॉन मॅनसाठी तोतया कसा वाटतो? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला त्याला तोतयाच म्हणतात. दुसऱ्याचं नाव घेऊन विश्वास मिळवणारा.

वकीलताई

तोतया म्हणजे इंपोस्टर. थॉम्प्सननं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं, नुसती ओळख असल्याचं सोंग केलं. त्याला केसानं गळा कापणारा म्हणावं. गोड बोलून, कळूही न देता. जातीचा शब्द लागत नाही आणि अर्थही जास्त नेमका बसतो.

मास्तर_सोलापूर

वकीलताई, हाच घेतो.

नातीनं आत्ता हा सगळा धागा वाचला. तिनं छापील यादी बाजूला ठेवून वहीत नवे रकाने आखले आहेत: कोण फसवतो, कुणाला, काय लपवून, आणि शब्द कुठून आला. ब्लॅक शीपपुढे 'काय लपवून' या रकान्यात तिनं रेघ मारली. मग मेंढकेदादांचं वाचून शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'इंग्लंड. सांगोल्यात चालत नाही.'

धोटेवाला

मास्तर, माझ्याकडे पानिपतच्या शॉडीच्या ब्लँकेटचा हातभर तुकडा आहे, नमुना म्हणून आणला होता. सोबत आमच्या जुन्या मागावरची चादर आणि बहिणीची ती खोटी चादरही आणतो. तिन्ही पोरींच्या हातात द्या आणि डोळे मिटून ओळखायला सांगा. रविवारी दहाला येऊ का? साखर पेठेत कुठे उतरायचं तेवढं कळवा.